माय येईपर्यंत

दहावीत असताना आमच्या कराडच्या शाळेचा रोबोटिक्स क्लब इस्लामपूरजवळच्या एका गावात, प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोबो दाखवायला गेला होता. माझ्या गटात चौथीतली एक मुलगी होती. तिचे आईवडील बीडकडून ऊसतोडीला आलेले. दुपारभर खपून तिने माझ्यासोबत काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी जोडली. गाडी वळणावर बरोबर वळली, तेव्हा ती नाचायलाच लागली.

निघताना मी गाडी खोलायला घेतली. तिने माझा हात धरला.

"ताई, माय सांजच्याला फडातून येती. तिला दावते. तवर ठिवा की."

"नाही गं, आम्हाला स्पर्धेला लागते," मी म्हणाले.

उरलेले स्क्रू तिनेच काढून माझ्या हातात दिले.

स्पर्धेला आम्ही दुसरीच गाडी नेली. ही कपाटात पडून राहिली. मला राहवेना. क्लबच्या सरांना विचारून मी ती पुन्हा जोडून त्या शाळेत घेऊन गेले, पण कारखान्याचा हंगाम संपून तिच्या आईवडिलांची टोळी बीडकडे परतली होती. वर्गाच्या बाईंनी गाडी मुलांसाठी ठेवून घेतली. पोरं पट्टीभोवती आनंदाने ओरडत होती. मला मात्र तिकडे बघवत नव्हतं.