पंपाचा खरा आकडा

गोंदियातल्या आमच्या ठिबक-तुषार सिंचनाच्या ऑफिसात संगणकावर डिझाइन करणारा दोन हजार आठपर्यंत मी एकटाच होतो. मग कुडव्याहून स्कूटीवर येणारी एक मुलगी नोकरीला लागली. महिन्याभरात तिने सॉफ्टवेअरमधली पाइप, नोझल, पंपांची विस्कटलेली यादी लख्ख केली. वर धानाच्या लहानमोठ्या बांध्यांसाठी, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांसाठी, एक टेम्प्लेट बनवलं: मापं आणि चढउतार भरले की अर्धं डिझाइन आपोआप तयार. साहेब येईल त्याला ते दाखवायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. इतकी वर्षं मी काय गोट्या खेळत होतो?

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. यादीतले पंपांच्या पाण्याचे आकडे कंपनीच्या पुस्तकातले होते. आमच्याकडे उन्हाळी धानाला सगळे पंप एकदम चालतात, व्होल्टेज पडतं आणि पुस्तकातल्याइतकं पाणी कधीच येत नाही. किती कमी धरायचं, ते मी डोक्यात ठेवलं होतं, यादीत मुद्दाम घातलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घातलं असतं तर मला कोणी विचारलं असतं?

तिचं पहिलंच डिझाइन बोदलकशाजवळच्या शेतात फसलं. शेवटले नोझल फिरतच नाहीत, असं शेतकरी ऑफिसात येऊन सगळ्यांदेखत सांगून गेला. मला आतून गुदगुल्या झाल्या. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"दादा, तुमचं पाणी शेवटपर्यंत जाते. माझंच काऊन नाही जाऊन राहिलं?"

"अनुभव लागते," मी म्हणालो आणि चहा मागवला. एकच.

दुसऱ्या दिवसापासून ती बादली आणि घड्याळ घेऊन शेतोशेत हिंडली, पार चोरखमाऱ्यापर्यंत. बादली किती सेकंदांत भरते ते मोजलं आणि उन्हाने रापून परतल्यावर एकेका पंपापुढे खरा आकडा भरला. त्यानंतर मला विचारायची कोणाला गरजच उरली नाही.

चूक सापडेल या आशेने मी जेवणाच्या सुटीत ती यादी उघडली. चूक नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात तिने प्रत्येक पंपापुढे लिहिलं होतं: 'शेतावर मोजले. बादलीची रीत दादांकडून.' कधीतरी फुशारकीत मी ती सांगितली असेल, मला आठवतही नव्हतं.

मी तिच्या जागी असतो तर असं लिहिलं नसतं, हे मला तिथेच कळलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याचाही मला हेवाच वाटला.