पाकिटाची मागची बाजू

सबंध नवी मुंबईत कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलेला माणूस एकच, आणि तो सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. मूळचे सांगलीकडचे, तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि पक्के शाकाहारी. स्वतःच्या खाण्याची त्यांना काडीची चौकशी नसते. स्टेशनबाहेरची भजी कुठल्या तेलात तळलीत, हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नसेल. पण मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना बंड्या नावाचा आपला लोंबत्या कानांचा कुत्रा त्यांच्याकडे ठेवून गेली, तेव्हापासून काकांना हे वाचनाचं वेड लागलं.

वाचन दुकानातच, उभ्याने चालायचं. चष्मा कपाळावर, पाकीट जवळजवळ नाकाला टेकलेलं, आणि शेजारी पिशव्या धरायला मी. "हे बघ," ते मला समजावत, "वजनानं जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं. इथं पहिलं कोण? चिकन. फसलीस? ताज्या चिकनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतंय. पाणी उडालं की हे घसरलं खाली. आता मका बघ. आधी मका, मग मक्याचं पीठ, मग मक्याचं ग्लुटेन. तिघांना लांब लांब बसवलंय. एकत्र बसवलं असतं तर मक्याचाच पहिला नंबर आला असता की." हे सगळं इतक्या खड्या आवाजात चाले की मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हातातली पाकिटं गुपचूप परत ठेवत. दुकानदार अगदी काकुळतीला येई. "काका, टेन्शन कशाला घेता? कुत्रा खातो ना मस्त?"

"खातो की," काका शांतपणे म्हणत. "चप्पलपण मस्त खातो."

एकदा एका पाकिटावर त्यांना राखेचं प्रमाण छापलेलं दिसलं. मग काय, तिथूनच कंपनीला फोन. "ताई, राख कशाची घालता तुम्ही? लाकडाची का कोळशाची?" पलीकडच्या मुलीने न हसता सांगितलं की राख कोणी घालत नाही, खाणं पूर्ण जाळलं तर मागे जी खनिजं उरतात, त्यांना राख म्हणतात. "मग माझंच चुकलं," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मात्र हे ज्ञान ते वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना असं देऊन आले, की जणू शोध त्यांनीच लावला होता. काकी आईकडे येऊन कुरकुरत, "घरात अंडं येऊ दिलं नाही कधी, आणि आता माझी पूजा चाललेली असताना कोंबडीच्या काळजावर प्रवचन."

एका उन्हाळ्यात मात्र बंड्याला खाज सुटली. साधी नव्हे, अंग ओरबाडून रक्त निघेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, चिकन सोसत नसावं, काही दिवस पूर्ण बंद करून बघा. काका तसेच दुकानात गेले आणि मासळीचं मोठं चित्र असलेलं पाकीट घेऊन आले. महिना उलटत आला तरी खाज तसूभर कमी होईना. बंड्याच्या पाठीवर केस राहिले नव्हते, आणि काकांचा आवाज पार बसला होता. एके दुपारी ते पाकीट घेऊन आमच्याकडे आले, खिडकीजवळ बसले आणि मागची बाजू वाचायला लागले. मासळी, तांदूळ, मग त्यांचं बोट थांबलं.

"चिकन मील," ते म्हणाले. "म्हणजे कोंबडीची वाळवलेली भुकटी. मासळीच्या पाकिटात."

"पण काका, तुम्ही तर सगळं वाचून घेता."

"घाबरलो होतो गं. पुढचं चित्र बघितलं आणि उचललं."

काकांना इतकं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर बिनकोंबडीचं खाणं शोधून आणलं. पाऊस संपेपर्यंत बंड्याच्या पाठीवर मऊ, नवे केस आले, आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हात लावून बघावे लागले.

पुढे बंड्या म्हातारा झाला. शेवटी शेवटी तर तो कशालाच तोंड लावेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता जे खाईल ते द्या. मी वर गेले तेव्हा काका फरशीवर बसून त्याला दुधात बुडवलेलं बिस्कीट बोटाने भरवत होते. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून मी विचारलं, "काका, यात काय काय आहे?"

"वाचलं नाही," ते म्हणाले, आणि पुढचा तुकडा दुधात बुडवला.

बंड्या गेला. आमच्याकडे आता एक मांजर आहे. तिचं नवं पाकीट आणलं की मी ते न उघडता वर घेऊन जाते. काका चष्मा शोधायला लागतात, काकी न विचारता चहा टाकतात. पाकिटाच्या मागचं आता माझं मलाच वाचता येतं, पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.