जयंतीच्या गलबताचे दोन दोर

यंदा जयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या वस्तीनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गलबत उभारलं. मधोमध बांबूची डोलकाठी, तिच्यावर एक लांब आडवा बांबू, त्याला निळं शीड. आडव्या बांबूच्या दोन्ही टोकांचे दोर डोलकाठीच्या शेंड्याच्या कप्प्यांतून खाली आले होते. एक माझ्या हातात, दुसरा बाबांच्या. दोघांनी सारखा ताण धरला की बांबू सरळ राही.

शिडावरचं वाक्य माझं होतं: ‘मुलींचं वसतिगृह पुन्हा सुरू करा.’ बाबा वस्तीच्या मागण्यांची पत्रकं काढतात. लहानपणी त्यांवरच मी अक्षरं गिरवली; वाक्य छोटं हवं हेही तिथेच शिकले. वसतिगृह बंद झाल्यापासून खेड्यातल्या मुली पहाटेची एसटी धरतात किंवा कॉलेज सोडतात. मुख्य चौकात अधिकारी-पुढाऱ्यांचा, म्हणजे साहेबांचा मंच असतो. तिथं हे वाक्य दिसावं म्हणून मी जयंती समितीशी प्रत्येक बैठकीत भांडले होते.

विजेच्या तारांची उंची आम्ही आधीच पाहून आलो होतो. स्वागताच्या कमानी पाहिल्याच नाहीत, कारण त्या आपल्याच लोकांच्या. हिंगणघाटात दर वस्तीची एक कमान, आणि प्रत्येक आमच्या बांबूहून अरुंद. कमान आली की बाबांनी दोर सैल सोडायचा, मी ओढायचा, बांबू तिरपा करून पार व्हायचं. मग बाबांनी ओढून तो सरळ करायचा. लोक सरबत देत, जहाज भारी झालं म्हणत. शीड कुणी वाचत नव्हतं. माझे तळवे सोलले, रागसुद्धा येईनासा झाला.

शेवटच्या कमानीनंतर बाबांचा हात वर जाईना. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलून खांदा गेलेला. ट्रॉलीवर तिसरा माणूस मावत नव्हता, मला माझा दोर सोडता येत नव्हता.

“बांध तिरपंच,” बाबा म्हणाले. “मले नाई जमून राह्यलं.”

“चौक आला, बाबा. वाचता नाई येणार.”

“ज्याले वाचाचं हाय तो मान वाकडी करून वाचते.”

मी बांधला. गर्दीतल्या एका मुलीनं मान कलती करून वाक्य मोठ्यानं वाचलं. तिची आई, मग शेजारच्या बायाही माना कलवून पाहू लागल्या. मंचावरचा एक साहेब त्यांना हसला, मग त्यानंही मान कलवली.

वसतिगृहाचं कुलूप अजून तसंच आहे. संध्याकाळी मी बाबांचा खांदा शेकते, आणि पुढच्या पत्रकात काय लिहायचं ते आम्ही बोलत बसतो.