पडद्याचं पाणी

आप्पा माणसांपेक्षा यंत्राशी जास्त बोलत. डिचोलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात कच्चं ग्लिसरीन यायचं, काकवीसारखं काळपट आणि वासानं जीव नकोसा करणारं. ते गरम पाण्यानं पातळ करून आप्पा नळीतल्या बारीक पडद्यातून दाबानं सोडत. साबणाचा चिकटा अलीकडे राही, पलीकडे निवळ माल उतरे. "दमानं घे बाबा," असं ते पडद्याला समजावत. मी शेजारीच नमुने तपासायची, पण माझ्याशी एवढ्या मायेनं कधी बोलले असतील तर शपथ.

मूळचे गडहिंग्लजकडचे. इथे डिचोलीजवळच्या मुळगावात भाड्याची एक खोली, एक स्टो, दोरीवर दोन शर्ट. चवथीला, गणपतीसाठी, कारखाना पाच दिवस बंद. सगळे घरी जात, आप्पा रोज पडद्याचं पाणी बदलायला थांबत. "वाळला की संपला त्यो," एवढंच सांगत. मी दिलेला नेवऱ्यांचा डबा धुऊन परत येई, चवीबद्दल अवाक्षर नाही.

एका वर्षी मीच हट्ट धरला. "आप्पा, यंदा तुम्ही घरा वचात. पाणी मी बदलते."

बारा वर्षांनी ते गणपतीला घरी गेले. आणि मी? चवथीच्या आदल्या दिवशी कारखान्यात गेले, तर नळीतल्या पाण्याला वास. घरी पाहुणे, रोज येणार कशी? आमच्याकडे चवथीला भांड्यात शिळं पाणी ठेवत नाहीत. घासून, पुसून पालथी घालतात. चार दिवसांत काय वाळतोय पडदा, म्हणत मी नळी रिकामी केली, धुतली, उघडी ठेवून आले. शहाणपणा माझा!

आप्पा तिसऱ्याच दिवशी परतले. कळलं तशी मी धावत गेले. नळीत पाणी भरून ते बाकावर बसले होते.

"एवढ्यात आलात? घरी बरं आहे ना?"

"समदी बरी हाईत. माझ्यावाचून." मग नळीकडे बघत म्हणाले, "आता भिजवून उपेग न्हाई, बाई."

चूक मी मालकांपाशी कबूल केली. नवा पडदा महाग, त्यांनी तो घेतला नाही. कच्चा माल तसाच विकू लागले. माझी नोकरी राहिली, आप्पांची गेली. साखळी गावच्या बसस्टँडवर त्यांना निरोप देताना मी विचारलं, "गावाकडेच ना?"

"बघू," म्हणाले. पुन्हा भेटले नाहीत.

आजही चवथीला मी सगळी भांडी पालथी घालते आणि एका तांब्यात पाणी ठेवते. सासूबाई विचारतात, हे कशाला? त्यांना काय सांगू?