अण्णांचे टाके आणि मोटारीची ट्यूब

वाहनाच्या कंपनांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम या विषयाचा आमच्या घराण्यात फक्त मी अभ्यास केला आहे. (वाचनालयातल्या मासिकातला एक लेख. तोही अर्धाच, पुढची पानं कुणीतरी फाडून नेली होती.)

ऐंशीच्या दशकात दहिसरच्या रस्त्यांवर डांबर फक्त खड्ड्यांच्या कडेला असायचं. अशात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, पण टाक्यांना धक्का बसता कामा नये." घर मैलभरावर. मी मोटारीच्या टायरची जुनी ट्यूब मिळवली, हवा भरली, रिक्षाच्या सीटवर ठेवली आणि वर दोन उशा!

रिक्षावाला म्हणाला, "साहेब, घरी चाललाय की पोहायला?"

"ही कंपनं शोषून घेते," मी समजावलं. "तुम्ही मीटर टाका."

अण्णा पोट धरून हॉस्पिटलच्या पायरीवरच उभे. "माका ह्येच्यार बसूचा नाय."

"अण्णा, शास्त्र आहे हे!"

"मगे तू बस!"

मी बसलो. पूर्ण आत्मविश्वासानं. अण्णा शेजारी, नुसत्या सीटवर.

पहिल्या खड्ड्याला अण्णा इंचभर हलले. मी फूटभर! ट्यूब खड्डा शोषून घेत होती हे खरं. पण घेतलेला लगेच दुपटीनं वर पाठवत होती.

"हळू चालवा!" मी वरून ओरडलो.

"हळूच आहे, साहेब. तुम्हीच उडताय!"

"बसलंस मा नीट?" अण्णांनी विचारलं.

"मधे मधे," मी म्हणालो.

रेल्वे फाटकाजवळच्या खड्ड्याला माझं डोकं छपराच्या लोखंडी दांडीवर आपटलं. रिक्षा तिथूनच परत हॉस्पिटलकडे फिरली.

डॉक्टरांनी आधी अण्णांचे टाके तपासले. पाचही शाबूत. मग माझ्या टाळूत तीन घातले.

"हे कशानं झालं?"

"कंपनानं," मी म्हणालो.

"वाचनान," अण्णा म्हणाले.

टाके काढायला आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो. चालत. अण्णा पुढे, डोक्याला पट्टी बांधलेला मी मागे. वाटेत तोच रिक्षावाला थांबला.

"काका, पेशंटला सोडू काय?"

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"नको रे बाबा. तेच्या टाक्यांक धक्को लागता नये."