सशासाठी वासराचं औषध

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता हो, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही. काही सांगायचंच झालं तर खांबाला, चुलीला नाही तर मांजराला सांगायचं. ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. मामंजी रानातून आले की ओसरीच्या खांबाला विचारत, "पाणी मिळंल काय?" मी आतून कळशीला म्हणे, "व्हय, आणते." आता सांगा, औंढ्याला नागनाथाच्या देवळापाशी बापाच्या हारफुलांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत वाढलेली मी! कळशीशी बोलून बोलून माझी जीभ गंजायची वेळ आली होती.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. सासर हिंगोलीजवळ, कयाधूच्या काठी. घरधनी नांदेडला गिरणीत कामाला, सणावारीसुद्धा येतीलच याचा भरवसा नाही. घरात सासरे, सासूबाई आणि मी. आणि माझा ससा.

ससा माहेरून आला होता. आमच्या शेजारी मणेर चाची राहायची, बांगड्या भरणारी. लग्नाचा चुडा भरून झाल्यावर तिनं पदराखालून एक पांढरंशुभ्र पिल्लू काढून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "सासरी रोना आया तो इसकू देख." सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, टोपलीत डोकावून कपाळाला हात लावला. "म्हैस दिली असती तर दूध तरी दिलं असतं गं बाई!" आणि मामंजी खांबाला म्हणाले, "आमच्याकडं ससा रानात असतोय, न्हाईतर पातेल्यात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढं कितीतरी दिवस चुलीपाशी बसले तरी ससा पदराखाली असायचा.

पण त्या जनावराला काय अक्कल! जो माणूस त्याला पातेल्यात बघत होता, त्याच्याच पायाशी जाऊन बसायला लागलं. मामंजी ओसरीवर दोर वळत बसले की हे हळूच जाऊन त्यांच्या अंगठ्याला नाक लावणार. मामंजी "हाड!" म्हणायचे, पण पाय काही काढून घ्यायचे नाहीत. मग रानातून येताना धोतराच्या सोग्यात कोवळी हराळी यायला लागली. "बैलाला आणली व्हती, उरली," असं ते खांबाला सांगत. बैलाला मूठभर हराळी! मी आत तोंडावर पदर धरून हसायची.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना जेवायचं बोलावणं करतात. मामंजींनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," असं कानाशी म्हणाले. आणि मग इकडंतिकडं बघून खाली वाकले, उरलेली हळद सशाच्या इवल्या खांद्यांना लावली आणि त्याच्याही कानात म्हणाले, "तुमीबी या." मी दारामागून बघत होते. माझे डोळे भरून आले. त्या घरात माझ्या माहेरच्या कुणाला तरी मिळालेलं ते पहिलं आमंत्रण होतं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढं पोळ्या लाटत होते. बाहेर बैलांची पूजा झाली, त्यांना पुरणपोळ्या चारल्या. थोड्या वेळानं मामंजींचा आवाज आला. खांबाला मोठ्या कौतुकानं सांगत होते, "पाव्हण्यानं अख्खी पोळी खाल्ली! वर तूपबी चाटलं!"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. गवत खाणारं ते चिमुकलं पोट, आणि त्यात गुळाचं पुरण!

सकाळी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. पोट डफासारखं ताठ झालेलं, दात करकर वाजवत होता. हराळी पुढं केली तर तोंड फिरवलं. आणि टोपलीत रात्रभरात एक लेंडी नाही. ससा एरवी पोतंभर लेंड्या टाकतो हो! ज्याच्या घरी ससा आहे त्याला विचारा. लेंडी बंद झाली की ससा गेला, हे औंढ्याला लहान लेकरूही सांगेल.

मामंजी टोपलीपाशी बसूनच राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "अवो, चहा तरी घ्या." त्यांनी मानही वर केली नाही. फक्त म्हणाले, "आवतन देऊन मारलं म्हणायचं." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे जनावर गेलं तर माझं माहेरचं खेळणं जाईल, पण ह्या माणसाला पुढं कुठल्याच पोळ्याला आपल्या हातानं घास भरवता येणार नाही.

मामंजी उठले आणि तडक हिंगोलीला गेले, जनावरांच्या दवाखान्यात. पोळ्याची कर होती, त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून पायीच. भर दुपारी चिखलानं माखलेले परत आले आणि काळपट औषधाची बाटली खांबापाशी ठेवली. मी बूच काढलं. बाई गं! असा उग्र भपकारा की डोळ्यांतून पाणी आलं. अळशीच्या तेलात टरपेंटाइन घोटलेलं. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं तर जीभ भाजली. आणि पाजायचं किती, तर म्हणे वाटीभर! अख्खा ससा वाटीत बसला असता.

मी बाटलीलाच विचारलं, "काहून गं, डॉक्टरनं ससा बघितला तरी का?"

मामंजी खाकरले. बाहेर जाऊन आले. पुन्हा खाकरले. शेवटी खांबाच्या कानाशी लागल्यासारखं म्हणाले, "तिथं समदी मानसं बैलं घेऊन उभी व्हती. ससा म्हणायला जीभ रेटंना. वासरू म्हणलं."

वासरू! आत्याबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. मला हसावं की रडावं कळेना. गावात शब्दाला मान असलेला माणूस, चारचौघांत सशासाठी औषध मागायची त्यांना लाज वाटली, आणि बिचाऱ्या डॉक्टरनं वासराच्या मापानं औषध दिलं. आजार रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय!

"हे औषध मी पाजणार न्हाई," मी बाटलीला ठणकावून सांगितलं. "बदलूनच आणावं लागंल. ससा घेऊन जावं लागंल."

"तर मग जा दोघंबी," आत्याबाई हसू आवरत म्हणाल्या. "ते जनावर आज दुखण्यात हिच्याबिगर कुनाला हात लावू देईना, आन् तुमी तिथं जाऊन ह्या वेळी हत्ती म्हणाल."

निघालो. टोपली मामंजींनी स्वतःच्या डोक्यावर घेतली, मी पदर ओढून मागं. उन्हानं चिखल वाळायला लागला होता. वाटेत मी टोपलीला सांगत होते, "बाळा, डॉक्टरला खरं खरं सांगायचं बरं का. लाजायचं न्हाई." टोपली काही बोलली नाही. टोपलीखालचा माणूसही बोलला नाही, पण भराभर चालायला लागला.

दवाखान्याच्या अंगणात ही गर्दी. पोळ्याला माणसांनी कौतुकानं खाऊ घालायचं आणि करीच्या दिवशी बैलांनी फुगायचं, हे दर वर्षीचंच. लिंबाखाली बैल उभे, धनी शेजारी, तोच तेलाचा भपकारा. डॉक्टरांना लोक सलोतरी म्हणत. हैदराबादकडचे उंचेपुरे मुसलमान गृहस्थ, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, सकाळपासून उभे राहून थकलेले. मामंजींना बघताच म्हणाले, "क्यूं दादा, बछडा कैसा है? लाए क्या?"

मामंजींनी टोपली खाली ठेवली. वरचं फडकं काढलं. 

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. शेजारचा एक बैलवाला डोकावला आणि ओरडला, "आरं, हे बघा वासरू! कान तेवढे लांब हाईत!" झालं, सगळं अंगण हसायला लागलं. एकानं विचारलं, "गाय कुठं बांधलीय?" दुसरा म्हणाला, "नांगराला जुंपता का?" मामंजींची मान खाली गेली. पागोट्याचा शेमला छातीवर लोंबत होता, तो त्यांनी उगीचच हातात घेतला.

मी आधी सशालाच म्हणाले, "सांग रे डॉक्टरला." पण त्या हसण्यात कुणाला ऐकू जाणार! आणि मग माझ्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या की पदर कपाळावरून मागं गेला तो गेलाच.

"हसता काय दात काढून?" मी म्हणाले, आणि माझा तो औंढ्याच्या बाजारातला आवाज किती दिवसांनी मलाच ऐकू आला. "तुमचे बैल काय उपासानं फुगलेत? तुमीच चारलं ना? आमीबी चारलं. आमच्या घरी ह्याला वासरूच म्हणतात. मीच म्हणलं होतं, जाऊन वासरू सांगा म्हणून. काय म्हणणं हाय?"

 सासऱ्यासमोर सून बोलली, आणि तेही परक्या पुरुषांशी! मामंजींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. वासरू म्हणायला मी सांगितलं नव्हतं, हे त्या अंगणात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी थांबले असते तर पुन्हा बोलायचा धीर झाला नसता. म्हणून डॉक्टरांकडं वळले. "डॉक्टरसाहेब, तुमचं औषध चांगलंच असंल. पण वासराचं हाय. मी जिभेला लावून बघितलं, माझी जीभ भाजली. ह्याचं काळीज मुठीएवढंबी न्हाई. मला दुसरं औषध द्या. पाया पडते, पण हे न्हाई पाजणार."

वाटलं, आता ओरडतील. सरकारी माणूस, आणि एक बाई त्यांना औषध बदलून मागते! पण त्यांनी बाटली हातात घेतली, सशाकडं पाहिलं, आणि स्वतःच्याच कपाळावर थाप मारली. "अल्ला! हे दिलं असतं तर गेलाच असता." मग उकिडवे बसले आणि सशाच्या पोटावर दोन बोटं अगदी हलके फिरवली. "बाई, खरं सांगतो, माझी सगळी उमर बैल आणि घोड्यांत गेली. ससा कधी आला न्हाई इथं. पण पोट ते पोट. काय खाल्लं ह्यानं?"

"पुरणपोळी," मी म्हणाले.

"कुणी चारली?"

मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "मी. ह्या हातानं." सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आवतन दिलं व्हतं मी त्याला."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी काळी बाटली बाजूला ठेवून दिली. बडीशेप उकळून कोमट पाणी करायला लावलं, त्यात एरंडेलाचे मोजके थेंब टाकले आणि कापसाच्या बोळ्यानं माझ्याकडून थेंब थेंब पाजून घेतलं. गरम फडक्यानं पोट शेकायला सांगितलं. "शेका, चोळा, आणि मग जमिनीवर सोडा. फिरू दे. घाई करू नका," म्हणाले आणि बैलांकडं गेले. पण दर बैलामागं एकदा येऊन बघून जायचे.

मी शेकत होते, मामंजी चोळत होते. नांगर धरणारी ती राठ बोटं, पण चोळताना केसही विस्कटत नव्हता. मग ससा लिंबाखाली सोडला. तो एक पाऊल टाकायचा आणि बसायचा. मामंजी त्याच्या मागं तसेच उकिडवे सरकायचे, डोळा जमिनीवर. पागोटं मागं कलंडलेलं, धोतर चिखलात. बैलवाल्यांचे बैल बरे झाले तरी ते जाईनात. मघाशी ज्यानं गाय विचारली होती तोच आता म्हणत होता, "जरा हिकडं ओल्या गवतात सोडा, तिथं चालंल बघा."

ऊन कललं. मी विहिरीवर फडकं पिळत होते. दात करकरण्याचा आवाज थांबल्याचं मला तिथंच लक्षात आलं. बरं वाटलं म्हणून थांबला, की...

"पोरी!"

मी वळून पाहिलं. अंगणाच्या मधोमध मामंजी उभे. एक हात वर, चिमटीत काहीतरी धरलेलं.

"ए पोरी! लेंडी!"

सासऱ्यांनी मला मारलेली ही पहिली हाक. ना खांब मधे, ना मांजर. एवढ्या लोकांसमोर, गळ्याच्या शिरा ताणून. डॉक्टर हातातलं सोडून धावत बाहेर आले. "पडी? सच्ची?" बैलवाले तर अशा आरोळ्या ठोकत होते की जणू पोळ्याचं तोरणच तुटलं! ससा मधे बसून हराळीचं एक पातं कुरतडत होता, आणि मी भिजलं फडकं तसंच हातात घेऊन हसतही होते आणि रडतही होते.

"मामंजी," मी विहिरीवरूनच ओरडले, "एकच हाय का अजून हाईत?"

"मला काय विचारतीस?" मामंजी ओरडले. "तूच ये अन् बघ की!"