मेजरची शेवटची भरती

गल्लीत सगळे त्याला मेजर म्हणत. खरं तर सैन्यात त्याने उभी हयात जखमींना उचलून आणण्याचं काम केलं, आणि दोन फितींपलीकडे त्याची बढती कधी गेली नाही. पण सैन्यातून परतलेला माणूस गल्लीच्या लेखी मेजरच. त्यानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

आता तो एका मोठ्या दुकानाच्या फाटकावर उभा असे. आत येणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली दांड्याचा आरसा फिरवायचा आणि हात हलवून पुढे सोडायचं. आरशात कधीच काही निघालं नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर तो बायकोला म्हणायचा, "आजही माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही."

म्हणून अग्निशमन दलाची भरती निघाली की त्याचे डोळे चमकायचे. माजी सैनिकांसाठी काही जागा राखीव असत. वयाचा हिशोबही वेगळा होता. वयातून सैन्यातली वर्षं वजा करायची आणि वर तीन वर्षांची सूट. या हिशोबानेही हे शेवटचंच वर्ष होतं. मागे एकदा त्याला टायफॉइडने पाडलं, एकदा भरतीच रद्द झाली. पुढच्या वर्षी कुठलीही वजाबाकी त्याच्या कामी येणार नव्हती.

तो रोज पहाटे वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पळू लागला. बायको देवासमोर हात जोडून उभी राही. ती देवाकडे नोकरी मागत नव्हती. या माणसाला पुन्हा कामाचं होऊ दे, एवढंच म्हणायची. तिच्या भावाचं केस कापायचं दुकान होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने मेजरला खुर्चीत दाबून बसवलं आणि कलप लावला.

"मेजर, साहेब लोक आधी डोकं बघतात. आत काही नसलं तरी चालतं, वरून काळं हवं."

मेजर इतका हसला की कलप कानावर ओघळला.

मैदानात माजी सैनिकांच्या रांगेत जेमतेम चारजण होते. वयात सूट होती, पण अंगमेहनतीत कुणालाच नव्हती. दोराची चढण झाली, पाण्याने भरलेली नळी ओढून झाली. पोरंसोरं धापा टाकत होती आणि मेजर शांत उभा होता. शेवटी राहिला पुतळा. माणसाच्या वजनाचा, जाड कापडात वाळू भरलेला. तो खांद्यावर घेऊन पळायचं, समोरच्या चुन्याच्या चौकोनात टाकायचा आणि हात वर करायचे. हात वर झाले की घड्याळ थांबणार; त्याआधी वेळ संपल्याची शिट्टी वाजली तर बाद.

पोरं धावत येऊन पुतळा धाडकन आपटत होती. एकाने तर चौकोनाबाहेरूनच भिरकावला. सगळे हसले.

मेजर पळाला तेव्हा पळून झालेली पोरंसुद्धा बघत राहिली. तो चौकोनात पोचला तेव्हा हातात भरपूर वेळ होता. तिथे त्याने एक गुडघा टेकला. एक हात पुतळ्याच्या डोक्याखाली घातला. आधी पाठ टेकवली, मग हळूच डोकं. श्वास मोकळा राहावा म्हणून मान कलती केली, आणि दोन बोटं गळ्याशी लावून तो वाकून थांबला. नाडी लागते का ते पाहत. सैन्यात त्याने किती माणसं अशी खाली ठेवली होती. जी वाटेतच गेली होती, त्यांनाही तसंच ठेवलं होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "काका, हात!" तेव्हा तो भानावर आला. शिट्टी आधीच वाजली होती.

घड्याळ धरलेला अधिकारी स्वतः आगीतून माणसं काढलेला होता. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "टाकायला सांगितलं होतं ना?"

"हो साहेब."

"मग?"

मेजर उठून गुडघ्यावरचा चुना झटकू लागला. अधिकाऱ्याने हातातल्या घड्याळाकडे बघितलं. पुन्हा पळू देणं त्याच्या हातात नव्हतं. एकाला दिलं तर साऱ्यांना द्यावं लागलं असतं. "आमच्याकडे तुमच्यासारखाच माणूस हवा," तो म्हणाला, "पण मला शिट्टीच मानावी लागते." राखीव जागेवर माणूस मिळाला नाही, तर ती खुल्या यादीतल्या कुणाला तरी जाणार होती. बहुधा त्या भिरकावणाऱ्याला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती आधी चिडली.

"अहो, वाळूचा होता ना तो?"

"वाळूचाच."

"मग काय बघत होता गळ्याशी?"

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. ती मग त्याच्याजवळ खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तोही रडला असावा, कारण कानामागचा कलप पुसायला म्हणून घेतलेला पंचा त्याने तोंडावरून काढलाच नाही.

दिवेलागणीला तिचा भाऊ आला. दारातूनच "मेजर, पेढे कुठायत?" म्हणून हाका मारू लागला. ती लगबगीने उठली आणि दार अर्धं लोटून उंबऱ्यातच उभी राहिली. देवाला भिऊन राहणारी बाई. साध्या गोष्टीतही तिला कधी खोटं बोलवत नसे.

"वयात बसले नाहीत," ती म्हणाली. "थोडक्यात गेलं."

भावाने मग सरकारच्या नियमांचा मनसोक्त उद्धार केला. मेजर आतल्या खोलीत ऐकत बसला होता.